धुराने चेतवलेला दाह

धूम्रपानाने फुफ्फुसाचा कर्करोग होतो, हे विधान आता इतके सर्वपरिचित झाले आहे की तो कसा होतो, हे विचारायची गरज सहसा कोणाला वाटत नाही. विचारलेच तर उत्तर ठरलेले असते: धुरातील विषारी रसायने पेशींच्या डीएनएमध्ये बिघाड करतात आणि बिघाड झालेली पेशी बेसुमार वाढू लागते. उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. डीएनएचा बिघाड एवढेच कारण असते, तर सिगारेट सोडणाऱ्याचा धोका न सोडणाऱ्याच्या मानाने इतका घटायला नको होता, कारण एकदा झालेले उत्परिवर्तन सिगारेट विझवल्याने पुसले जात नाही. तसेच, जेमतेम काही सेंटीमीटरची गाठ असलेला माणूस पाहता पाहता खंगतो, त्याची भूक मरते, रक्त कमी होते, याचाही उलगडा त्या उत्तराने होत नाही. या दोन्ही कोड्यांमध्ये दाहाचा मोठा वाटा आहे. पाठ्यपुस्तकांत दाह एका प्रकरणात येतो आणि कर्करोग दुसऱ्या. जीवशास्त्र शिकवताना हे अंतर मला नेहमीच खटकत आले आहे, म्हणून येथे दोन्ही विषय एकत्र मांडते आहे.

दाह हा मुळात रोग नाही. जखम झाली, जंतू शिरले किंवा ऊती भाजल्या, की शरीर त्या जागी जी बचावाची आणि दुरुस्तीची मोहीम उघडते, तिचे ते नाव आहे. पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने नोंदवलेली तिची चार लक्षणे, म्हणजे लाली, सूज, उष्णता आणि वेदना, आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवली जातात. रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती किंचित सैल होतात, रक्तातील पांढऱ्या पेशी बाहेर पडून त्या जागी गोळा होतात, जंतूंना आणि मेलेल्या पेशींना गिळतात आणि मग नव्या पेशी वाढाव्यात म्हणून वाढीचे संदेश सोडतात. या मोहिमेचा सर्वांत दुर्लक्षित, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे तिचा शेवट. दाह आपोआप विरत नाही. तो थांबवण्यासाठी शरीर वेगळी रसायने तयार करते, आलेल्या पेशींना मरायला लावते आणि त्यांचे अवशेष उचलून नेते. दाहाचे मूळ कारण टिकून राहिले, तर हा शेवट कधी होतच नाही, आणि दुरुस्तीसाठी आणलेली हत्यारेच नुकसान करू लागतात.

तंबाखूचा धूर हे असे टिकून राहणारे कारण आहे. त्यात ७,००० हून अधिक रसायने आढळली असून त्यांपैकी सुमारे ७० कर्करोगजनक म्हणून ज्ञात आहेत. शिवाय प्रत्येक झुरक्याबरोबर मुक्त मूलकांचा, म्हणजे समोर येईल त्या रेणूचे ऑक्सिडीकरण करणाऱ्या अतिक्रियाशील कणांचा, प्रचंड लोंढा आत शिरतो. श्वासनलिकांच्या आतील अस्तरावर बारीक केसांसारखे तंतू असतात, जे कफाला सतत वर ढकलत राहतात. ॲक्रोलिनसारखी रसायने त्या तंतूंना निकामी करतात आणि त्याच वेळी कफ तयार करणाऱ्या पेशी वाढतात, त्यामुळे कफ जास्त आणि तो बाहेर टाकण्याची शक्ती कमी, अशी स्थिती होते. सकाळच्या ज्या खोकल्याला अनेक धूम्रपान करणारे सवयीचा भाग समजतात, त्याचे मूळ येथे आहे.

पण खरी गोष्ट या अस्तराखाली घडते. धुराने दुखावलेल्या पेशींमध्ये एनएफ-कप्पा-बी नावाचे प्रथिन जागे होते. एरवी पेशीद्रवात बांधून ठेवलेले हे प्रथिन मोकळे झाले, की केंद्रकात शिरते आणि दाहाशी संबंधित कित्येक जनुके एकाच वेळी सुरू करते. त्यातून इंटरल्यूकिन-१ बीटा, इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८ आणि ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर असे संदेशवाहक रेणू बाहेर पडतात. इंटरल्यूकिन-८ न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना रक्तातून फुफ्फुसात बोलावते. वायुकोशांमध्ये कायम पहारा देणाऱ्या मॅक्रोफेज पेशींची संख्या धूम्रपान करणाऱ्यांत कित्येक पटींनी वाढते आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पोटात तपकिरी कण साचलेले दिसतात. गिळलेला धूर त्यांना पूर्ण पचवता येत नाही, तरीही त्या संदेश सोडत राहतात.

न्यूट्रोफिल जंतू मारण्यासाठी इलास्टेज नावाचे विकर वापरतात. हे विकर फुफ्फुसाला लवचीकपणा देणारे तंतूही तोडू शकते, म्हणून यकृत अल्फा-१ अँटिट्रिप्सिन नावाचे प्रथिन तयार करून त्याला आवर घालते. १९६३ साली स्वीडनमधील लॉरेल आणि एरिकसन यांनी हे प्रथिन जन्मतः कमी असलेल्या माणसांची नोंद केली, आणि त्यांच्यापैकी काहींची फुफ्फुसे तरुणपणीच विरलेली आढळली. धुराचा कावा असा की, तो एकीकडे न्यूट्रोफिलची गर्दी जमवून इलास्टेज वाढवतो आणि दुसरीकडे या रक्षक प्रथिनातील मोक्याच्या जागी असलेल्या मेथिओनिन या अमिनो आम्लाचे ऑक्सिडीकरण करून त्यालाच निकामी करतो. जन्मतः निरोगी असलेला माणूस अशा रीतीने त्या जन्मजात दोषाची सौम्य आवृत्ती स्वतःच्या फुफ्फुसात तयार करत असतो. दिवसाला २० सिगारेटी म्हणजे जागेपणी दर तासाला एकीहून अधिक. दाहाला शेवटाकडे नेणारी यंत्रणा कामाला लागते न लागते, तोच पुढचा मारा होतो. आणि सेल्ससच्या चार लक्षणांपैकी येथे जवळजवळ काहीच जाणवत नाही, कारण फुफ्फुसाच्या ऊतींना वेदना कळत नाही. हाच दाह बोटाला झाला असता, तर कोणीही तो वर्षानुवर्षे सहन केला नसता.

हे प्रकरण फुफ्फुसापुरते राहत नाही. इंटरल्यूकिन-६ रक्तातून यकृतापर्यंत पोहोचते आणि यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन म्हणजे सीआरपी, तसेच रक्त गोठण्यास मदत करणारे फायब्रिनोजेन अधिक प्रमाणात बनवू लागते. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशींची संख्याही सरासरीने जास्त असते, आणि एरवी ठणठणीत वाटणाऱ्या माणसाच्या अहवालातही हा फरक दिसू शकतो. रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर होणारा परिणाम हृदयविकाराच्या दिशेने नेतो, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. संधिवाताचे उदाहरण मात्र येथे दिले पाहिजे, कारण ते फारच बोलके आहे. धुराने चेतवलेल्या फुफ्फुसात काही विकरे प्रथिनांची रचना किंचित बदलतात, अशा बदललेल्या प्रथिनांना प्रतिकारयंत्रणा परके समजून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते, आणि पुढे कित्येक वर्षांनी दुखतात ते हाताचे सांधे.

दाह आणि धूर यांचे नाते सरळ रेषेतही नाही. निकोटिन हा रेणू स्वतः काही पेशींमधील दाहाचे संदेश दाबतो. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे हिरड्यांचा विकार आतून वाढत असूनही लपून राहतो. मोठ्या आतड्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिस हा दाहजन्य विकार धूम्रपान करणाऱ्यांत कमी आढळतो, तर त्याचाच नातेवाईक असलेला क्रोन्स हा विकार त्यांच्यात बळावतो. या विसंगतीचा आधार घेऊन सिगारेटचे समर्थन करणारे लोकही भेटतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, प्रतिकारयंत्रणा एका जागी भडकवणारी आणि दुसऱ्या जागी दडपणारी वस्तू ही त्या यंत्रणेची मित्र असू शकत नाही.

आता कर्करोगाकडे वळू. गाठींमध्ये पांढऱ्या पेशी दिसतात, असे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी १८६३ मध्येच नोंदवले होते आणि जुनाट दाहाच्या जागी कर्करोग उद्भवतो, असा तर्क मांडला होता. तो तर्क जवळपास शंभर वर्षे बाजूला पडला. पुढे एकेक पुरावा जमत गेला: हिपॅटायटिस बी आणि सी यांमुळे वर्षानुवर्षे सुजलेल्या यकृतात कर्करोग होतो, हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूने दाह झालेल्या जठरात होतो, अल्सरेटिव्ह कोलायटिसने पोळलेल्या आतड्यात होतो. हार्वर्डमधील हॅरल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ मध्ये कर्करोगाच्या गाठीला कधीच न भरणारी जखम म्हटले, आणि त्या विधानाची अचूकता आजही मला थक्क करते. जखम भरताना जे घडते, नव्या रक्तवाहिन्या, वाढीचे संदेश, ऊतींची पुनर्रचना, ते सारे गाठीत घडते. घडत नाही तो केवळ शेवट. २०११ मध्ये डग्लस हॅनाहन आणि रॉबर्ट वाइनबर्ग यांनी कर्करोगाच्या मूलभूत वैशिष्ट्यांची आपली यादी वाढवली, तेव्हा गाठीला पोसणाऱ्या दाहाचा तीत समावेश केला.

धुराच्या बाबतीत दोन कामे एकाच वेळी चालतात. पहिले काम डीएनएतील बिघाडाचे. बेंझोपायरिन या धुरातील रसायनाचे शरीरात जे रूपांतर होते, ते पी-५३ या रक्षक जनुकातील नेमक्या त्याच जागांना चिकटते, ज्या जागा फुफ्फुसाच्या कर्करोगात वारंवार बिघडलेल्या आढळतात; हे १९९६ मध्ये दाखवून देण्यात आले. दुसरे काम, बिघडलेल्या पेशीला वाढायला अनुकूल भोवताल देण्याचे, आणि ते दाह करतो. उंदरांच्या त्वचेवरील प्रयोगांतून १९४० च्या दशकातच असे दिसले होते की, कर्करोगजनकाची अल्प मात्रा एकदा लावून सोडून दिली, तर सहसा काही होत नाही. पण त्यानंतर त्याच जागी क्षोभ निर्माण करणारे तेल वारंवार लावले, तर गाठी येतात. सुप्त बी आणि पाऊस यांच्यासारखेच हे नाते आहे. शिवाय दाहातील पेशी स्वतः मुक्त मूलके सोडतात, म्हणजे डीएनए बिघडवण्याच्या पहिल्या कामालाही हातभार लावतात.

या दुसऱ्या कामाचे महत्त्व किती, हे अलीकडे एका वेगळ्याच दिशेने कळले. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधील चार्ल्स स्वॉन्टन यांच्या गटाने २०२३ मध्ये, कधीही सिगारेट न ओढलेल्यांना होणाऱ्या फुफ्फुसाच्या कर्करोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. कर्करोगाशी संबंधित ईजीएफआर या जनुकातील उत्परिवर्तने निरोगी फुफ्फुसांच्या सुमारे १८ टक्के नमुन्यांतही सापडली. म्हणजे बिघडलेल्या पेशी कित्येकांच्या छातीत असतात आणि बहुतेकांत त्या निमूट पडून राहतात. हवेतील अतिसूक्ष्म कणांमुळे मॅक्रोफेज पेशी इंटरल्यूकिन-१ बीटा सोडतात आणि त्या संदेशाने पडून राहिलेल्या पेशी वाढू लागतात, असे उंदरांत दिसले. हा एक संदेश अडवला, तर गाठी येणे थांबले.

याच इंटरल्यूकिन-१ बीटाशी जोडलेली माणसांवरील एक चाचणी मला या संपूर्ण विषयातील सर्वांत रंजक वाटते, कारण ती कर्करोगासाठी नव्हतीच. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि रक्तात सीआरपी वाढलेले असलेल्या १०,०६१ रुग्णांना कॅनाकिनुमॅब हे इंटरल्यूकिन-१ बीटाला अडवणारे औषध किंवा निष्क्रिय इंजेक्शन देण्यात आले. यांत आजी-माजी धूम्रपान करणाऱ्यांची संख्या मोठी होती. २०१७ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा सर्वाधिक मात्रा घेतलेल्या गटात फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ७७ टक्क्यांनी कमी असल्याचे आढळले. आनंदाने हुरळून जाण्याआधी पुढचे दोन तपशीलही पाहावे लागतात. औषध घेणाऱ्यांत जीवघेण्या संसर्गांचे प्रमाण वाढले, कारण जो दाह गाठीला पोसतो, तोच जंतूंना रोखतोही. आणि नंतर हेच औषध फुफ्फुसाचा कर्करोग झालेल्या रुग्णांवर वापरून पाहिले, तेव्हा मोठ्या चाचण्यांत अपेक्षित लाभ दिसला नाही. गाठ एकदा स्थिरावली, की तिला चेतवणारा तो एक संदेश काढून घेणे पुरेसे ठरत नसावे, असा माझा अंदाज आहे.

कारण तोवर नात्याची दिशा बदललेली असते. आता कर्करोगच दाह घडवू लागतो. गाठीतील पेशी स्वतः इंटरल्यूकिन-६ आणि इतर संदेश सोडतात, मॅक्रोफेज पेशींना बोलावून घेतात आणि त्यांचा स्वभाव बदलतात; शत्रूला गिळण्याऐवजी त्या गाठीसाठी रक्तवाहिन्या वाढवतात आणि प्रतिकार करणाऱ्या टी-पेशींना थोपवून धरतात. या स्थानिक कारस्थानाचे पडसाद सर्व शरीरात उमटतात. इंटरल्यूकिन-६ मुळे यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक अधिक बनवते, हेप्सिडिन शरीरातील लोह साठ्यांतच अडकवून ठेवते, आणि लोह असूनही रक्त कमी होते. अशा रुग्णाला केवळ लोहाच्या गोळ्या दिल्याने फरक पडत नाही, त्याचे कारण हे. यकृत सीआरपी बनवण्यात गुंतले, की अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन घटते. या दोन साध्या मोजमापांवर आधारलेला ग्लासगो निर्देशांक कर्करोगाच्या वाटचालीचा अंदाज बांधण्यासाठी वापरला जातो. रक्त अकारण गोठू लागते. १८६५ मध्ये हा संबंध सांगणारे फ्रेंच वैद्य आरमाँ त्रूसो यांना पुढे स्वतःच्या शरीरात तशीच गुठळी आढळली आणि १८६७ मध्ये पोटाच्या कर्करोगाने त्यांचा मृत्यू झाला.

खंगण्याबाबत नातेवाइकांचा सर्वाधिक गैरसमज होतो. रुग्ण जेवत नाही म्हणून वाळतो आहे, असे समजून त्याला जबरदस्तीने भरवले जाते, आणि तरीही वजन उतरते, तेव्हा भरवणाराही खचतो. या अवस्थेत दाहाचे संदेश स्नायूंतील प्रथिने मोडण्याची यंत्रणा चालू ठेवतात, शरीराचा विश्रांतीतील ऊर्जाखर्च वाढवतात आणि मेंदूतील भुकेची केंद्रे दडपतात. जीडीएफ-१५ नावाचा एक रेणू मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रावर काम करून भूक मारतो. त्याला अडवणाऱ्या औषधाने काही रुग्णांचे वजन वाढल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. आहाराला महत्त्व आहेच, पण रुग्ण ‘मनावर घेत नाही’ म्हणून खंगतो, असे म्हणणे अज्ञानाचे आणि क्रूरही आहे.

कर्करोग बरा झाल्यावरही धुराचा संबंध संपत नाही. उपचारांनंतर काही पेशी शरीरात इतरत्र सुप्तावस्थेत उरू शकतात. अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांत असे दाखवले की, तंबाखूच्या धुराने फुफ्फुसात दाह झाला, की न्यूट्रोफिल आपला डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात, त्या जाळ्यावरील विकरे लॅमिनिन या प्रथिनाचे तुकडे करतात आणि ते तुकडे सुप्त कर्कपेशींना जागे करतात. माणसांत हे कितपत घडते, याविषयी उंदरांवरून थेट बोलू नये, परंतु कर्करोगातून उठलेल्या माणसाने पुन्हा सिगारेट का शिलगावू नये, याचे इतके तपशीलवार कारण पूर्वी उपलब्ध नव्हते.

सिगारेट सोडल्यावर काय होते? रक्तातील पांढऱ्या पेशी आणि सीआरपी हळूहळू उतरू लागतात. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटने १,००० निरोगी व्यक्तींच्या रक्ताचा अभ्यास करून २०२४ मध्ये एक महत्त्वाचा भेद दाखवला: जंतू दिसताच तात्काळ उठणाऱ्या जन्मजात प्रतिकाराच्या दाहावर झालेला धूम्रपानाचा परिणाम सोडल्यानंतर लवकर ओसरतो, पण टी-पेशींसारख्या, आठवण ठेवणाऱ्या प्रतिकारावरचा परिणाम बरीच वर्षे टिकतो, कारण डीएनएवरील रासायनिक खुणा बदललेल्या राहतात. ज्यांना दीर्घकालीन श्वसनविकार जडला आहे, त्यांच्या श्वासनलिकांतील दाह सोडल्यानंतरही पूर्णपणे शमत नाही. उलट बाजूचा पुरावाही तितकाच ठोस आहे. ब्रिटनमधील २०२० च्या एका अभ्यासात, सिगारेट सोडलेल्यांच्या श्वासनलिकांच्या अस्तरात ४० टक्क्यांपर्यंत पेशी जवळजवळ कधीच धूर न लागल्यासारख्या आढळल्या. बिघडलेल्या पेशी दुरुस्त झाल्या नव्हत्या, तर वाचलेल्या पेशींनी त्यांची जागा घेतली होती. सुरुवातीच्या कोड्याचे उत्तर बव्हंशी येथे सापडते. धूर थांबतो, बिघडलेल्या पेशींना मिळणारे वाढीचे प्रोत्साहन कमी होते आणि निरोगी पेशींना पसरायला वाव मिळतो. १९५१ मध्ये सुरू झालेल्या ब्रिटिश डॉक्टरांच्या दीर्घ पाहणीत, आयुष्यभर धूम्रपान करणाऱ्यांचे आयुष्य सरासरी सुमारे १० वर्षांनी घटल्याचे दिसले, तर ६०, ५०, ४० आणि ३० व्या वर्षी सोडणाऱ्यांना अनुक्रमे सुमारे ३, ६, ९ आणि १० वर्षे परत मिळाली.

सिगारेट सोडण्याला पर्याय म्हणून ‘दाहशामक’ गोळ्या आणि चूर्णे विकणाऱ्यांचा हल्ली सुळसुळाट आहे. ऑक्सिडीकरण रोखणारे काही घेतले, की धुराचा हिशेब चुकता होतो, ही कल्पना प्रत्यक्षात तपासली गेलेली आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या आणि १९९४ मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांना फुफ्फुसाचा कर्करोग कमी न होता सुमारे १८ टक्क्यांनी अधिक झाला. सीआरपीची तपासणी करून आपल्याला कर्करोग नाही, अशी खात्री करून घेणाऱ्यांनाही सावध करावेसे वाटते: सीआरपी साध्या संसर्गानेही वाढते आणि सुरुवातीच्या गाठीत सामान्यही असू शकते. दीर्घकाळ खूप धूम्रपान केलेल्यांसाठी उपयोगी ठरलेली चाचणी म्हणजे कमी मात्रेचा सीटी स्कॅन, आणि तो कोणी व कधी करावा, हे डॉक्टरांनी ठरवायचे असते.

‘आता कर्करोग झालाच आहे, मग सोडून काय उपयोग’ हा प्रश्न रुग्णांच्या तोंडून मी ऐकला आहे आणि त्यामागची निराशा समजू शकते. परंतु निदानानंतर सोडणाऱ्यांचे जगण्याचे प्रमाण, न सोडणाऱ्यांच्या तुलनेत, चांगले आढळते. चालू धूम्रपानात शस्त्रक्रियेच्या जखमा उशिरा भरतात, फुफ्फुसात संसर्ग अधिक होतात आणि ऊतींना प्राणवायू कमी मिळाल्याने रेडिएशनचा परिणाम घटू शकतो. धुरातील हायड्रोकार्बने यकृतातील औषधे मोडणारी विकरेही वाढवतात, त्यामुळे फुफ्फुसाच्या कर्करोगावर दिले जाणारे एर्लोटिनिबसारखे औषध धूम्रपान करणाऱ्याच्या रक्तातून लवकर नाहीसे होते आणि तीच गोळी घेऊनही त्याला तिचा पुरता अंश मिळत नाही.